समुद्रधोरणावर संशोधन करायचंय? गोव्यातल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की तेच प्रश्न फोनवर, ईमेलवर आणि कॅन्टीनमध्ये पुन्हा पुन्हा येतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे. काही उत्तरं बरीच लांबली आहेत, कारण बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं. मतं माझी आहेत. पटली नाहीत तर जरूर वाद घालायला या.

हा नेमका कसला अभ्यास? मी समुद्रविज्ञानाची विद्यार्थिनी नाही, तरी चालेल का?

चालेल. समुद्रात काय घडतं ते समुद्रविज्ञान सांगतं. समुद्राबद्दल कोण ठरवतं, कशाच्या जोरावर ठरवतं आणि ठरल्यानंतर किनाऱ्यावर प्रत्यक्षात काय होतं, हा आपला प्रांत. कायदा, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास अशा कुठल्याही वाटेने या. फक्त भरती-ओहोटीचं वेळापत्रक वाचायला शिका. ज्या विद्यार्थ्याला आज पौर्णिमेचं उधाण आहे की अष्टमीची भांग हे सांगता येत नाही, त्याला किनाऱ्यावरचा अर्धा वाद कळत नाही.

नोंदणी कुठे करायची?

ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठात तीन दारं आहेत: भू, सागर व वातावरण विज्ञानाचं संकुल, दामोदर धर्मानंद कोसंबींच्या नावाचं सामाजिक शास्त्रांचं संकुल आणि मनोहर पर्रीकरांच्या नावाचं विधी, प्रशासन व धोरणाचं संकुल. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, म्हणजे आपली एनआयओ, १९६६ पासून आहे. तिथे मुख्यतः विज्ञानाचं काम चालतं. वास्कोला हेडलँड सड्यावर ध्रुवीय व महासागर संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. माझा सल्ला असा की आधी मार्गदर्शक बघा, विभाग नंतर. धोरणावर काम करणारा मार्गदर्शक एका संकुलात आणि विज्ञान समजावणारा सहमार्गदर्शक दुसरीकडे, ही जोडी जमली तर उत्तम. नाही जमली तर निदान एनआयओच्या एखाद्या शास्त्रज्ञाशी अधूनमधून चहा घेत चला.

त्यासाठी गोव्यातच का राहायचं? मोठी शहरं आहेत की.

मुंबई, कोची, चेन्नई सगळीकडे चांगलं काम होतं. गोव्याची सोय वेगळी आहे. सचिवालय, उच्च न्यायालयाचं खंडपीठ, मच्छीमार खातं, बंदर, कॅप्टन ऑफ पोर्ट्सचं, म्हणजे राज्याच्या बंदर खात्याचं, कार्यालय, कॅसिनोंची मांडवी नदी आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारं गाव, हे सगळं एका दिवसात दुचाकीवरून पालथं घालता येतं. पर्वरीत सकाळी सुनावणी ऐकून संध्याकाळी त्याच प्रकरणातला किनारा पायाखाली घालता येतो. वेरेला नौदलाचं युद्ध महाविद्यालय आहे. हिंदी महासागराच्या सुरक्षेवर लिहिणाऱ्यांना तिथल्या परिषदा उपयोगी पडतात.

मला ‘नील अर्थव्यवस्था’ या विषयावर प्रबंध लिहायचा आहे. कसं वाटतं?

तो विषय नाही, बॅनर आहे. समितीसमोर असा विषय ठेवलात तर पहिला प्रश्न येईल, ‘म्हणजे काय?’ आणि दुसरा प्रश्न येणारच नाही.

विषय शोधायची माझी रीत साधी आहे. एकाच जागेवर दोन खाती हक्क सांगतात, किंवा एकही खातं सांगत नाही, अशी जागा शोधा. गोव्यात त्यांची वाण नाही. राष्ट्रीय जलमार्ग कायदा २०१६ मध्ये आला आणि मांडवी, जुवारी, कुंभारजुवेचा कालवा, म्हापशाची नदी, शापोरा आणि साळ या सहांना राष्ट्रीय जलमार्गाचा दर्जा मिळाला. मग साळ नदीतला गाळ काढायचा निर्णय कोणाचा? त्या गाळातल्या शिंपल्यांवर पोट भरणाऱ्या बाईला कोणी विचारायचं? एवढ्यावर एक पूर्ण प्रबंध होतो.

दुसरं उदाहरण रिव्हर प्रिन्सेसचं. जून २००० मध्ये हे जहाज कांदोळी-सिकेरीच्या किनाऱ्याला लागलं आणि दहा वर्षांहून जास्त काळ तिथेच रुतून बसलं. पर्यटकांनी त्याच्यासोबत फोटो काढले, वाळू धुपली, निविदा निघाल्या आणि बारगळल्या. जहाज कोणाचं, काढायचं कोणी, पैसे कोणी द्यायचे, हे ठरवण्यात एक दशक गेलं. पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये नाफ्था भरलेलं नू शी नलिनी दोनापावलजवळ खडकांत अडकलं. आधीच्या प्रकरणातून यंत्रणा काय शिकली आणि काय शिकली नाही, याची तुलना कोणीतरी शांतपणे करायला हवी. हा विषय मी कोणालाही फुकट द्यायला तयार आहे.

कायदे खूप आहेत. सुरुवात कुठून करू?

किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेपासून, म्हणजे ज्याला सगळे सीआरझेड म्हणतात तिथून. पहिली १९ फेब्रुवारी १९९१ ची, दुसरी ६ जानेवारी २०११ ची, तिसरी १८ जानेवारी २०१९ ची. तिन्ही शेजारी ठेवून वाचा. सीआरझेड हा संसदेने केलेला स्वतंत्र कायदा नाही. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली मंत्रालयाने काढलेली ती अधिसूचना आहे. म्हणूनच ती इतक्या वेळा दुरुस्त होऊ शकली. कायदा बदलायचा तर सभागृहात चर्चा लागते, अधिसूचनेला राजपत्र पुरतं. हा फरक ज्याला उमगला त्याला गेल्या तीन दशकांतला किनाऱ्याचा इतिहास निम्मा उमगला.

मग तपशिलात शिरा. भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा तिन्हींत आहे, पण त्यात काय चालतं ते बदलत गेलं. भरतीचं पाणी शिरणाऱ्या नद्या-खाड्यांच्या काठावर २०११ मध्ये १०० मीटर किंवा पात्राची रुंदी, यांतलं जे कमी ते, नियंत्रणाखाली होतं. २०१९ मध्ये १०० चे ५० झाले. गोव्यासारख्या, खाड्यांनी चिरलेल्या राज्यात त्या ५० मीटरमध्ये किती घरं, किती भाटं (माडांच्या बागा) आणि किती हॉटेलं येतात याचा विचार करा. २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. खाजन, म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेल्या खाडीकाठच्या, जमिनींचे नकाशे करायचे, वाळूच्या टेकड्या राखायच्या, कासवांच्या विणीचे किनारे सांभाळायचे. ते परिच्छेद पाठ करा. आणि त्या अधिसूचनेनुसारचा गोव्याचा किनारी आराखडा मंजूर व्हायला २०२२ साल उजाडलं. मधल्या काळात नवी अधिसूचनासुद्धा येऊन गेली! ही दिरंगाई कोणाच्या फायद्याची ठरली, हा प्रश्न मी वर्गात दरवर्षी विचारतो. उत्तरं दरवर्षी वेगळी येतात.

मासेमारीचा अधिकार राज्याचा की केंद्राचा?

दोघांचा, आणि शिवण नेमकी समुद्रात आहे. राज्यघटनेत मासेमारी हा राज्यसूचीतला विषय, पण प्रादेशिक जलक्षेत्रापलीकडची मासेमारी केंद्रसूचीत. १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, इथपर्यंत गोव्याचा १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा. तिथून २०० मैलांपर्यंत, म्हणजे अनन्य आर्थिक क्षेत्रात, केंद्र.

तो १९८० चा कायदा आकाशातून पडला नव्हता. सत्तरच्या दशकात ट्रॉलर किनाऱ्याला चिकटून जाळी ओढू लागले आणि रापणकार रस्त्यावर उतरले. माथानी साल्ढाणांचं नाव त्या लढ्याशी कायमचं जोडलेलं आहे. पारंपरिक मासेमारीसाठी किनाऱ्यालगतचा पट्टा राखून ठेवणारा कायदा त्यातून आला.

आता एलईडीचं बघा. रात्री प्रखर दिवे लावून मासळी एका जागी गोळा करायची आणि जाळं टाकायचं, याला केंद्राने २०१७ मध्ये अनन्य आर्थिक क्षेत्रात बंदी घातली. तरी कुटबण असो वा मालीम, कुठल्याही जेटीवर एलईडीचा विषय काढा, तास निघून जातो. दिवे १२ मैलांच्या आत लागले की बाहेर, हे रात्री कोणी मोजायचं? राज्याची गस्ती नौका कुठपर्यंत जाणार, तटरक्षक दल कुठून सुरू होणार? नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीचे नवे नियम काढले. यांत्रिक नौकांना त्यात ऑनलाइन प्रवेशपत्र लागतं, पारंपरिक मच्छीमारांना सूट आहे. हे नियम गोव्यात कसे लागू होतात हे पहिल्या दिवसापासून नोंदवणारा कोणी असेल तर पाच वर्षांनी त्याच्या प्रबंधाला किंमत येईल.

एक सावधगिरी. ‘गरीब पारंपरिक मच्छीमार विरुद्ध श्रीमंत ट्रॉलरवाला’ ही मांडणी आता जशीच्या तशी उचलू नका. होड्यांना मोटारी लागून जमाना झाला. पर्सीनवाले, म्हणजे मासळीचा थवा जाळ्याने घेरून धरणारे, आणि ट्रॉलरवाले एकमेकांवर खापर फोडतात. एकाच घरातला एक भाऊ रापणीवर आणि दुसरा ट्रॉलरवर, असंही दिसतं.

खाजन शेतीचा समुद्राच्या कारभाराशी काय संबंध?

गोव्यात समुद्राचा कारभार सर्वांत जुना कुठे सापडतो, तर खाजनात. चोडण, दिवाडी, सांत इस्तेव, कुंभारजुवे, इथे खाडीकाठची जमीन बांध घालून भरतीपासून राखली गेली. बांधात मानस, म्हणजे पाण्याचं दार, असते. तिचे लाकडी दरवाजे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. आत कोरगुटसारखं खारं सोसणारं भात. मानशीच्या तोंडाशी रात्री ओहोटीच्या वेळी जाळं लावून मासळी धरायची, आणि ती धरण्याच्या हक्काची दरवर्षी पावणी, म्हणजे लिलाव, करायची. पावणीचा पैसा बांधाच्या डागडुजीला. पाणी, भात, मासळी आणि पैसा यांचा हिशेब गावानेच ठेवायचा.

आता हे मोडलं कसं ते पाहा. आधी कोमुनिदादी, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्था, हा कारभार बघत. कूळ कायद्यानंतर तो कुळांच्या संघटनांकडे आला. भातापेक्षा मासळीला जास्त भाव मिळू लागला तसा मानशीचा ठेकेदार खारं पाणी आत जास्त वेळ ठेवू लागला. बांध खचला, शेत खारवलं, पडीक राहिलं आणि काही वर्षांत तिथे खारफुटी उगवली. खारफुटी एकदा उगवली की तिला कायद्याचं संरक्षण. म्हणजे ज्याचं शेत बुडालं त्याला ते परत कसायचं तर झाडं तोडल्याचा गुन्हा! कृषी खात्याचा मृदसंधारण विभाग, मामलेदार, कुळांची संघटना, वनखातं आणि सीआरझेडची अंमलबजावणी बघणारं किनारी प्राधिकरण, सगळ्यांकडे त्या बांधाचा एकेक तुकडा आहे आणि सबंध बांध कोणाचाच नाही. महासागराच्या कारभारावरचे जाडजूड ग्रंथ वाचण्याआधी मी विद्यार्थ्याला एका मानशीवर नेऊन बसवतो.

सरकारी कागद मिळतात का? कसे?

मिळतात, चिकाटी हवी. किनारी प्राधिकरणाच्या बैठकांची इतिवृत्तं आधी वाचून काढा. त्यातून प्रकरणं निवडा आणि मग माहिती अधिकाराखाली अर्ज करा. १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका, ते फेटाळायला सोपं जातं. सर्व्हे क्रमांक, गाव, साल लिहा आणि प्रतींआधी फाईल पाहण्याची परवानगी मागा. फाईल हातात घेऊन चाळल्याशिवाय कुठलं पान हवं ते कळत नाही.

बेकायदा बांधकामाची एखादी फाईल उघडली की साधारण हे दिसतं: वर गावातल्या कोणाची तरी तक्रार, मग कारणे दाखवा नोटीस, स्थळपाहणीचा अहवाल, अक्षांश-रेखांश छापलेले फोटो, सर्व्हे नकाशा, एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद. त्याखाली बांधकाम करणाऱ्याचं उत्तर, आणि त्याला जोडलेल्या घरपट्टीच्या पिवळ्या पडलेल्या पावत्या, वीजबिलं, कधी पोर्तुगीज काळातला दस्त. हे सगळं कशासाठी? तर घर १९ फेब्रुवारी १९९१ च्या आधीचं आहे हे दाखवण्यासाठी. गोव्याच्या किनाऱ्यावर ही तारीख जन्मतारखेइतकी महत्त्वाची आहे. ज्याच्याकडे कागद आहे तो वाचतो, आणि मच्छीमाराच्या झोपडीकडे कागद बहुधा नसतो.

फाईलमधल्या प्रत्येक कागदावरची तारीख एका तक्त्यात उतरवा. तक्रार ते पाहणी किती दिवस, पाहणी ते आदेश किती, आदेश ते प्रत्यक्ष कारवाई किती. हा तक्ता म्हणजेच तुमचा मूळ डेटा. राष्ट्रीय हरित लवादाचं पुण्यातलं खंडपीठ आणि उच्च न्यायालयाचे आदेश त्याच्या शेजारी लावा.

मच्छीमार बोलतील का माझ्याशी?

बोलतील, वेळ साधली तर. मासळी उतरत असताना प्रश्नावली घेऊन उभं राहणाऱ्याला कोणीही हाकलेल, आणि ते योग्यच आहे. १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची मासळीबंदी असते. तेव्हा मालक जाळी विणत, होडी रंगवत निवांत बसलेले असतात. पण यात एक मेख आहे: बंदीत मालक भेटतात, खलाशी भेटत नाहीत. ट्रॉलरवरचे बहुतेक खलाशी ओडिशा, झारखंड वगैरेंकडचे, ते बंदीत गावी जातात. नुसत्या जून-जुलैच्या मुलाखतींवर उभा असलेला प्रबंध मालकांचाच प्रबंध होतो. खलाशांसाठी नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा जा, हिंदीत बोला, आणि मालक ऐकत असताना मजुरीचा विषय काढू नका.

मासळी विकणाऱ्या बायका सगळ्यांत जास्त जाणतात आणि त्यांना सगळ्यांत कमी विचारलं जातं. मडगावच्या घाऊक बाजारात पहाटे जा. कोकणीत बोला, अडखळत का होईना. नोंदी मराठीत ठेवल्या तरी हरकत नाही, मात्र मूळ वाक्य जसंच्या तसं टिपा.

पोर्तुगीज यायला हवं का?

खाजन, कोमुनिदाद किंवा बंदराचा इतिहास करायचा असेल तर हो, वाचण्यापुरतं. पणजीचं पुराभिलेख खातं आणि पर्वरीचं झेवियर सेंटर तुमची वाट पाहत आहेत. एरवी नाही.

मला आंतरराष्ट्रीय विषय हवा आहे. गोव्यात बसून कसा करू?

गोव्यात बसून तो जास्त चांगला होईल. २६ जानेवारी १९८१ रोजी एनआयओच्या ‘गवेषणी’ नावाच्या जहाजाने समुद्रतळावरून बहुधात्विक गोळे वर काढले. त्या कामाच्या बळावर १९८७ मध्ये भारताला मध्य हिंदी महासागरात अग्रणी गुंतवणूकदार म्हणून क्षेत्र मिळालं, आणि २००२ मध्ये जमैकातल्या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार झाला. आज त्या कराराखाली ७५,००० चौरस किलोमीटरचं क्षेत्र भारताकडे आहे. समुद्रतळावरच्या सल्फाइडांच्या शोधाचा करार २०१६ मधला. २०२५ मध्ये कार्ल्सबर्ग कटकासाठी, म्हणजे समुद्राखालच्या एका डोंगररांगेसाठी, दुसरा झाला, आणि त्यामागचं काम वास्कोच्या केंद्राचं. ज्यांनी नमुने वर काढले ते शास्त्रज्ञ, निवृत्त झालेले धरून, बसच्या अंतरावर राहतात. त्यांची मौखिक इतिहासाच्या पद्धतीने मुलाखत घेणारं कोणी तरी लवकर निघायला हवं.

नवा करार म्हणाल तर राष्ट्रीय हद्दीपलीकडच्या सागरी जैवविविधतेचा. तो २०२३ मध्ये स्वीकारला गेला, भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये सही केली आणि १७ जानेवारी २०२६ पासून तो लागू झाला. पण त्याआधी १९८२ चा सागरी कायद्याचा मूळ करार वाचा, सारांश नव्हे. भारताने तो १९९५ मध्ये मान्य केला. आपला स्वतःचा सागरी क्षेत्रांचा कायदा मात्र १९७६ चा आहे, म्हणजे कराराच्याही आधीचा. या दोघांत कुठे घर्षण होतं, हा कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी नेहमीच चांगला प्रश्न आहे.

आकड्यांवर किती विसंबायचं?

मोजणीची पद्धत विचारल्याशिवाय अजिबात नाही. भारताचा किनारा कालपरवापर्यंत ७,५१६ किलोमीटर होता, आता ११,०९८ किलोमीटर आहे. समुद्र वाढला नाही, मोजपट्टी बारीक झाली. मासळीच्या उत्पादनाचे आकडे, पर्यटकांचे आकडे, सगळ्यांना हाच प्रश्न विचारा.

पैशांचं काय? किती वर्षं लागतात?

नेट-जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,०००, घरभाडं वेगळं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी. किमान तीन वर्षं, कमाल सहा. महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे, शिवाय प्रसूती रजा. एम.फिल. बंद झाली आहे. फेलोशिपचा हप्ता उशिरा येतो हे धरून चाला. विशेषतः फील्डवर्क सुरू होतं त्या महिन्यात तो हमखास येत नाही. पणजीत भाड्याची खोली घेण्यापेक्षा ताळगाव किंवा बांबोळीला राहिलेलं परवडतं.

मी मच्छीमार कुटुंबातली आहे, आंदोलनातही असते. संशोधन पक्षपाती ठरेल का?

तुमचं नातं पहिल्या प्रकरणात लिहून टाका, मग त्याचं ओझं राहत नाही. बाहेरच्या संशोधकाला तीन वर्षांत जे कळत नाही ते तुम्हाला जेवताना कळलेलं असतं. मात्र ज्यांच्याशी भांडण आहे त्यांच्याही मुलाखती घ्या, आणि गावातल्या माणसाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट, त्याच्या नावाशिवायही ओळखू येत असेल तर, छापू नका. छोट्या राज्यात नाव झाकून भागत नाही. ‘बेतुलचा एक पर्सीन मालक’ एवढं लिहिलं की गावाला माणूस कळतो.

नंतर नोकरी कुठे?

अध्यापन, सल्लागार संस्था, किनारी आराखड्यांची कामं, स्वयंसेवी संस्था, वकिली, बंदर आणि जहाज कंपन्या. परदेशात जायचं तर माल्मोचं जागतिक सागरी विद्यापीठ आणि माल्टाची सागरी कायद्याची संस्था पाहा. खरं सांगायचं तर समुद्रधोरण या नावाची पदं आपल्याकडे फार थोडी आहेत. नकाशे करण्याचं एखादं सॉफ्टवेअर आणि निकालपत्र वाचण्याची सवय, ही दोन कौशल्यं हाताशी असतील तर अडत नाही.

पहिल्यांदा भेटायला येताना काय आणू?

बायोडेटा नको. एक पान आणा. त्यावर एक जागा, तिचा सर्व्हे क्रमांक किंवा जेटीचं नाव, तिथे हक्क सांगणाऱ्या खात्यांची यादी, आणि तुम्हाला न सुटलेला एक प्रश्न. आणि शक्यतो ओहोटीच्या वेळी या, म्हणजे बोलणं झाल्यावर बांधावर जाऊन येता येईल.